महालक्ष्म्यांच्या आधीची गोळी

आई, परवा सकाळी न्हाणीघरात मला रक्त दिसलं. थोडंसंच. पाळी बंद होऊन मला दोन वर्षं होत आलीत, तेव्हा हे पाळीचं नव्हे हे मला पक्कं माहीत आहे. आणि या आठवड्याच्या शेवटी महालक्ष्म्या बसायच्या आहेत. म्हणजे बघ, इतक्या वर्षांनी तुझं दुखणं माझ्या दारात आलं तेही तुझाच मुहूर्त धरून. खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. आधी माझा, मग तुझा, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी आहे तोवर गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून तुला लिहिते आहे. तू गेल्यापासून तुझ्याशी इतकं स्पष्ट बोलायची वेळ आली नव्हती, आणि तू होतीस तेव्हा तर अशा गोष्टी बोलायची आपल्या घरात सोयच नव्हती.

तू माझं दुकान पाहिलं नाहीस. इथं जालन्यात, मस्तगडात आमचं औषधाचं दुकान आहे, मी आणि हे मिळून चालवतो. महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे त्या एका गोळीचा हंगाम. तुला सांगायला नको कुठली. पाळी पुढे ढकलायची. अडचण आलेल्या बाईनं महालक्ष्म्यांना शिवायचं नाही, पुरणाला हात लावायचा नाही, आणि स्वयंपाक तर तिनंच करायचा, तेव्हा एवढ्या मोठ्या सणातून वाट काढणार ती एवढीशी पांढरी गोळी. बायका स्वतः कमीच येतात. नवऱ्यांना पाठवतात. परवा एमआयडीसीतून शिफ्ट संपवून एक जण आला, मोटारसायकल चालूच ठेवून काउंटरवर वाकला आणि कुजबुजला, "ताई, ती गोळी द्या ना."

"कोणती?"

"ती… पुढं ढकलायची."

"काय पुढं ढकलायचं? परीक्षा?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी चिठ्ठी मागितली. "एवढ्याशा गोळीला चिठ्ठी?" म्हणाला. मी विचारलं, बायकोला बीपी आहे का, अर्धं डोकं दुखतं का, कधी पायात रक्ताची गाठ झालीय का. "मला काय माहीत? ती पुरण शिजवून राह्यली असंल." मग घरी जाऊन विचारा, म्हटलं. तो पुढच्या दुकानात गेला, तिथं त्याला ती मिळाली असणार. आमचे हे आतल्या रॅकमागून म्हणाले, "गेलं गिऱ्हाईक." यांचं काय सांगू तुला! उभा जन्म औषधं विकण्यात गेला, पण पाळी हा शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ते त्याला 'लेडीज प्रॉब्लेम' म्हणतात. पांढरं जाणं लेडीज प्रॉब्लेम, पोट दुखणं लेडीज प्रॉब्लेम, आणि कुणी हिमोग्लोबिन पार खाली गेलेली, पांढरीफटक पडलेली सून घेऊन आलं तरी हे मला हाक मारतात, "अगं, लेडीज प्रॉब्लेम आहे, ये."

आणि बाकीचं गाव काही कमी नाही. बीपीची गोळी लोक बरं वाटायला लागलं की बंद करतात. का बंद केली? बरं वाटतंय. बरं का वाटतंय? इथं ते पिशवी उचलून निघतात. साखरेवाले काका गोळी सोडून मेथीचं पाणी पितात आणि लग्नात जिलेबी खातात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, ती चहा-बिस्किटाबरोबर घेऊन बायका म्हणतात, लागू पडत नाही. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं म्हणून ती उकिरड्यावर जाते, आणि रक्त वाढावं म्हणून गूळ-शेंगदाण्यावर भिस्त. अँटिबायोटिक तर कुणी संपवतच नाही, उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात आणि पुढच्या तापाला शेजारणीला देतात. एकीची गोळी दुसरीनं खाल्ली आणि दुसरीला बरं वाटलं की तिसरी माझ्याकडे रिकामं पाकीट घेऊन येते, अशीच द्या. दिवसभर मी हेच सांगून सांगून घसा बसवून घेते. हे म्हणतात, तू दुकानात बसतेस की शाळेत. मी ओरडते, हे खरं आहे. पण आई, माझ्या ओरडण्याचा कारखाना कुठं सुरू झाला हे यांना ठाऊक नाही. तो आपल्या जुन्या जालन्यातल्या स्वयंपाकघरात सुरू झाला.

त्या स्वयंपाकघरात मी शाळेत असतानाचा एक दिवस अजून तसाच्या तसा आहे. ज्या दिवशी महालक्ष्म्या घरात आणायच्या त्याच सकाळी मला पाळी आली. पाळी यायला लागून मला वर्षही झालं नव्हतं. तू सोवळ्यानं सोळा भाज्या निवडत होतीस आणि मी दारातून हळूच सांगितलं. तू कपाळाला हात लावलास. "आधी सांगता येत न्हाई का तुला?" जणू मी पाळीकडून रजेचा अर्ज मंजूर करून आणायला हवा होता. मला मागच्या पडवीत बसवलंस. दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर सगळ्यात आधी ताट मात्र माझंच आलं, तूच आणलंस, पोळीवर तुपाची वाटी पालथी केलेली. "खा जल्दी, गार होईल," म्हणालीस आणि दुरूनच ताट सरकवलंस. मी रुसून पोळी तशीच ठेवली तर तू तिथंच उभी राहिलीस, मी पहिला घास घेईपर्यंत. तुझं प्रेम हे असं होतं, उंबऱ्याच्या पलीकडून सरकवलेलं. आजही ते आठवलं की तूप आधी आठवतं आणि राग नंतर येतो, पण येतो.

तुझी स्वतःची अडचण मात्र महालक्ष्म्यांच्या आड कधी आली नाही. तुझ्या महालक्ष्म्या एकाही वर्षी चुकल्या नाहीत याचा गल्लीभर बोलबाला होता, आणि तुला त्याचा तोरा होता. दर वर्षी लोणच्याच्या बरणीमागून ती पट्टी निघायची. कुणी तपासून दिली नव्हती, वर्षानुवर्षं तीच चालली होती. नंतर महिनाभर तुझं अंगावर इतकं जायचं की तू भिंत धरून उठायचीस. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकायचीस, मूठ मूठ. हे रक्त कमी असल्याचं लक्षण असतं हे मी पुढं पुस्तकात वाचलं. तुझं त्याला एकच नाव होतं, उष्णता. पाय दुखले, उष्णता. चक्कर आली, उष्णता. धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचीस आणि पुन्हा कामाला लागायचीस. सगळं अंगावर काढायचीस, आणि वर "मला काय धाड भरलीय" असं म्हणायचीस.

मग तुझी पाळी बंद झाली. वर्ष सरलं तरी आली नाही तेव्हा तू खूश होतीस, "सुटले बाई एकदाची," म्हणालीस. त्याच सुमारास मी औषधशास्त्राच्या पदविकेला औरंगाबादला निघाले होते आणि तू मला पांढरा कोट शिवून दिलास. बाजारात मिळत होते गं तसले कोट. पण तू जुन्या जालन्यातल्या शेठच्या दुकानातून कापड आणलंस, त्याच्याशी पन्ह्यावरून भांडलीस, आणि घरच्या मशिनवर दोन दिवस बसलीस. खिसे एवढे मोठे ठेवलेस की वर्गातल्या मुली विचारायच्या, भाजी आणायला निघालीस का. तू म्हणाली होतीस, "औषधं ठेवायची तर खिसा नको का बराबर?" औषधं खिशात ठेवत नसतात, आई. पण मी तो कोट टाकला नाही. दुकानात गल्ल्यामागच्या खुंटीवर तो अजून आहे, पिवळट झालेला, आणि थंडीत मी तो खरंच घालते.

आता ज्यासाठी मी चिडले आहे ते. मी पहिल्या सुट्टीत महालक्ष्म्यांना घरी आले होते तेव्हा तू पुरण वाटत होतीस, हसत होतीस, आणि चेहरा कण्हेरीच्या पांढऱ्या फुलासारखा दिसत होता. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "कामानं गं." त्याच्या पुढच्या वर्षी तुझं पोट फुगलं, कंबर मोडून आली, तेव्हा कुठं बाबांनी तुला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मी तिथंच शिकत होते, मीही आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी बंद झाली. तू सांगितलंस. रक्त पहिल्यांदा कधी गेलं? आणि तू, माझी आई, हसून सांगायला लागलीस.

"मागल्या महालक्ष्म्याच्या आधी गेल्तं की. मी म्हटलं, घ्या, परत आली पाळी! जवान झाले मी. मंग गोळी घेतली तर बिलकुल थांबलं. सण बराबर पार पडला."

तुझ्या आवाजात लाज नव्हती, शाबासकीची वाट पाहणं होतं. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "बाई, पाळी बंद झाल्यावर जे रक्त जातं ती पाळी नसते. ते थांबवायचं नसतं, दाखवायचं असतं." तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग बाबांकडे, आणि म्हणालीस, "मंग महालक्ष्म्या कुणी केल्या असत्या?"

हेच ते वाक्य. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गर्भपिशवीच्या आत कर्करोग होता, तो आधी एवढासा असणार, त्यानं दार वाजवून सांगितलं होतं की मी आलोय. आणि तू त्याच्या तोंडावर गोळी ठेवलीस, वरून पुरणपोळ्या केल्यास. त्या वेळी दाखवलं असतंस तर पिशवी काढून तू बरी झाली असतीस, निदान तशी आशा तरी असती. वेळेत दाखवलेल्या कितीतरी बायका बऱ्या होतात, माझ्या गिऱ्हाइकांतच दोघी आहेत, मिरच्या कांडून राहिल्यात अजून. तू उन्हाळ्यात गेलीस. लोकांना आपण सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. पिशवी हा शब्दसुद्धा कुणी काढला नाही. आत्या तर म्हणाली, सवाष्ण गेली, भाग्याची. मला तेव्हा तिला घराबाहेर काढावंसं वाटलं होतं.

तर आता माझं ऐक. दुकानासमोर एक मावशी बसतात, सणावारी कापसाची वस्त्रमाळ, वाती, हळदकुंकू विकतात. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाच्या. काल सकाळी रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ती सणाची गोळी दे मला."

मी म्हटलं, "मावशी, तुमची अजून चालू आहे?"

"बंद झाल्ती गं कवाच. पण परत आली बघ. आता काय म्हनावं!"

आई, त्या हसल्यासुद्धा तुझ्यासारख्या. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा धान्यवाला बाहेर आला. ही पाळी नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, सण बिण गेला खड्ड्यात, असं काय काय बोलले. त्या घाबरल्या. "वरडू नको बाई. माझ्या महालक्ष्म्या होऊ दे, मंग जाते. पहिलंच तर गेलंय." आणि गेल्या परत आपल्या वातींपाशी. दिवसभर मी इथून त्यांना पाहत होते आणि त्या मान वर करत नव्हत्या.

घरी जाऊबाईंना मी संध्याकाळी सांगितलं, कारण आमच्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक थोरली म्हणून माझ्याकडे असतो. ती धाकटी, मनानं चांगली आहे. म्हणाली, "ताई, तीन दिवसांचा तर प्रश्न हाय. गोळी घ्या न. तुमचं तर दुकानच हाय. सण झाला की आपण दोघी जाऊ दवाखान्यात." हे ती प्रेमानं म्हणाली, त्याचाच मला संताप आला. मी म्हटलं, माझ्या आईनं हेच केलं होतं. ती म्हणाली, "पण त्यांना माहीत नव्हतं ना काही. तुम्हाला माहीत हाय." म्हणजे माहीत असलं की गोळी चालते! मी तिला सांगून टाकलं, या वर्षी पुरण तू घालायचं, सोळा भाज्या तू करायच्या, आणि मला दवाखान्यात जायचं आहे. ती रडकुंडीला आली. पुरण तिला जमत नाही, सैल होतं. होऊ दे सैल, म्हटलं. महालक्ष्म्या काही बोलायच्या नाहीत.

आणि आज सकाळी यांना सांगितलं. शटर उघडून हे खोकी लावत होते. मी म्हटलं, मला रक्त गेलंय. हे थांबले. "लेडीज…" म्हणाले आणि पुढचं गिळलं. खोकं खाली ठेवलं, फोन काढला, आणि काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी असताना, खणखणीत आवाजात दवाखान्यात बोलले, "माझ्या बायकोची पाळी बंद झालेली आहे आणि तिला रक्त जातंय. हो, पाळी बंद झाल्यावर. उद्याची वेळ पाहिजे." गिऱ्हाइकं इकडे तिकडे पाहायला लागली. मला हसू आलं आणि मग आलं ते रडू, परवापासून अडलेलं. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. सोनोग्राफी करतील, अस्तर जाड आहे का पाहतील, वाटलं तर छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतील. बहुतेक वेळा काही वाईट निघत नाही, हेही मी इतरांना रोज सांगते. स्वतःला सांगून पाहिलं, तितकं पटत नाही.

मघाशी रस्ता ओलांडून मावशींपाशी गेले. खाली बसले, त्यांच्या वातींच्या टोपलीशेजारी. ओरडले नाही. म्हटलं, मलाही गेलंय, मावशी. तुमच्यासारखंच. मी उद्या जाते आहे. त्यांनी हातातली वात वळून टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "तू येतीस तर येते मी." एवढंच होतं ते. उद्या आम्ही दोघी एका रिक्षातून जाणार. तुला असं कुणी म्हटलं नाही, आई, की मी येते. आत्या नाही, शेजारणी नाही. सगळ्या तुझ्या पोळ्या खाऊन गेल्या.

चार वाजले, गिऱ्हाईक सुरू होईल. हे कागद टाकायचे कुठल्या पेटीत, ते काही मला कळत नाही, तेव्हा घडी घालून तू शिवलेल्या कोटाच्या खिशात ठेवते. एवढा मोठा खिसा शेवटी कामाला आला म्हण. तिथं आधीपासून एक वस्तू आहे, ती तुला सांगितल्याशिवाय हा राग खोटा होईल. काल सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, जाऊबाईंनी सुचवण्याच्या आधी आणि मावशी रस्ता ओलांडून येण्याच्या आधी, मी रॅकवरून त्या गोळीची पट्टी काढली होती. सणासाठी नाही. महालक्ष्म्या माझ्या डोक्यातसुद्धा नव्हत्या. फक्त ते थांबावं म्हणून. थांबलं की ते नव्हतंच, असं वाटावं म्हणून. इतकी वर्षं मी धरून चालले की तुला माहीत नव्हतं म्हणून तू घेतलीस. मला तर सगळं माहीत होतं, तुझ्यावरूनच माहीत होतं, तरी हात गेला. मावशींवर गल्ली गोळा होईपर्यंत ओरडत होते तेव्हा ती गोळी माझ्या पोटात होती. उद्या डॉक्टरीणबाई विचारतील, काही घेतलं का. तू कसं मान वर करून सांगितलं होतंस, तसं सांगता आलं पाहिजे. यांनाही अजून बोललेले नाही. पट्टीत दहा गोळ्या असतात, आई. खिशातल्या पट्टीत नऊ आहेत.